बडीशेपेची पालथी डबी

परवा मनीषाने माळ्यावरून जळमटं काढायचा लांब दांड्याचा झाडू खाली घेतला आणि माझं डोकं फिरलं. तसं काही झालं नव्हतं. माझी बायको दसऱ्याची साफसफाई काढत होती, दरवर्षी काढते तशी. खिडकीबाहेर आमच्या चारकोपचं ऑक्टोबरचं ऊन, ग्रिलला हात लावला तर चटका बसावा असं. वारा ठप्प. खाली मैदानात नवरात्रीचे मंडपवाले तासभर "हॅलो, हॅलो, चेक" करून कान किटवत होते.

"तो झाडू ठेव आधी," मी म्हटलं.

"अहो, पण कोपऱ्यात बघा केवढी..."

"ठेव म्हटलं ना!"

तिने ठेवला. पंचवीस वर्षांत तिला एवढं कळलंय की या दिवसांत माझ्या नादी लागायचं नाही. शेजारणीला सांगते, ऑक्टोबर हीट यांच्या डोक्यात जाते. हीट कसली डोंबलाची! माझ्या डोक्यात चार वर्षांपूर्वीची एक नवमी जाते. तो राग अजून उतरलेला नाही, आणि उतरू नये असंच मला वाटतं.

मी अ‍ॅक्रिलिकचं काम करतो. इथेच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा आहे, माझा आणि माझ्या चुलतभावाचा, दिगंबरचा. ट्रॉफ्या, दुकानांचे बोर्ड, काउंटरवरच्या पेट्या, देवाच्या मूर्तीवर धूळ बसू नये म्हणून घालायची पारदर्शक घरं, असलं सगळं बनवतो. शीट कापायची, कडा घासून घासून लखलखीत करायच्या, दोन तुकडे काटकोनात धरायचे आणि इंजेक्शनच्या सुईने सांध्यात क्लोरोफॉर्म सोडायचा. क्षणात जुळतं. हात हलला किंवा थेंब जास्त पडला तर सांध्यावर पांढरट डाग फुलतो. गिऱ्हाईक म्हणतं, चालेल हो. मला नाही चालत. माझ्या खिशात कायम पिवळं फ्लॅनेलचं फडकं असतं. लग्नाला गेलो तरी असतं. दुसऱ्याच्या दुकानातल्या काचेवर बोटांचे ठसे दिसले तरी माझा हात आपोआप खिशात जातो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या फडक्याने केलं. फडक्याने कसलं, मी केलं.

आणि दुसरी गोष्ट जागेची. माझे वडील गिरणीत होते. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही नऊ माणसं, गावाहून कोणी आलं की अकरा. दहावीचा अभ्यास मी दाराबाहेर चपलांच्या शेजारी बसून केला. पाय लांब करून झोपणं म्हणजे काय ते मला मोठेपणी कळलं. त्यामुळे जागेचा विषय निघाला की मी चवताळतो. बिल्डर लोकांच्या रंगीत कागदांवर "प्रशस्त" असं छापलेलं असतं आणि आत हॉलमध्ये सोफा ठेवला तर दार उघडत नाही. असला कागद हातात पडला की मी तिथल्या तिथे टराटरा फाडतो. मोठी जागा म्हणजे सुख आणि लहान जागा म्हणजे हाल, यावर माझ्याशी कोणी वाद घालायचा नाही, असा माझा कायदा होता. घरात तो सगळ्यांना पाठ होता.

आमचा फ्लॅट काही मोठा नाही. हॉल, किचन आणि बेडरूम म्हणायला एक बोळ. प्राची, आमची एकुलती एक, दहावीला गेली तेव्हा मी हॉलच्या एका कोपऱ्यात तिला अभ्यासाची केबिन करून दिली. आठ एमएमची शीट, जमिनीपासून माझ्या डोक्यावर हातभर, एका बाजूला सरकतं दार. सगळं आरपार. आत टेबल, दिवा, पुस्तकांचं शेल्फ, झोपायला अरुंद बाक. बाहेर बसून बघितलं तर भिंत आहे असं वाटतच नाही. बिल्डिंगमधली माणसं मुद्दाम बघायला आली. "झकास! काय डोकं लावलंयत हो!" मी फुगलो. चपलांशेजारी अभ्यास केलेल्या माणसाच्या मुलीला स्वतःची केबिन, आणि घरही कोंदट होत नाही.

महिन्याभरात प्राचीने आतून एक जुनी ओढणी लावली. मी काढली. तिने पुन्हा लावली. मी पुन्हा काढली, घडी घालून कपाटात ठेवली आणि म्हटलं, "आपल्या घरात लपवण्यासारखं काय आहे गं?" ती म्हणाली, "काही नाही." मी म्हटलं, "मग झालं तर." झालं तर! आज हे दोन शब्द आठवले की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

प्राची बारावीला असताना गणपती नुकतेच गेले होते आणि खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत तिला एक कोळी सापडला. कोळ्याचं पिल्लूच म्हणा. मटकीच्या दाण्याएवढं, करड्या रंगाचं, अंगभर लव. जाळं विणून बसणाऱ्यांतलं नव्हे, उड्या मारणाऱ्यांतलं. पुढे दोन मोठे काळे डोळे. प्राचीने बोट जवळ नेलं तर ते पळालं नाही, वळून तिच्याकडे बघायला लागलं.

"बाबा, बघ ना, बघतेय माझ्याकडे!"

"बघतेय? ती आहे हे कशावरून?"

"ते मोठं झाल्यावर कळतं. पण मी तीच म्हणणार. मटकी."

मनीषा कपाळाला हात लावून म्हणाली, "कुत्रं नको, मांजर नको, आता कोळी पाळा!" पण पोरगी बारावीला होती, आणि बारावीच्या पोरीला आमच्याकडे सहसा कोणी नाही म्हणत नाही. तिने एका बाटलीत पिकलेलं केळं घालून तोंडाला कापड बांधलं आणि चिलटं वाढवायला घेतली, मटकीच्या जेवणासाठी. घरात आंबूस वास सुटला. मनीषाने ती बाटली तीनदा बाहेर टाकायला नेली आणि तिन्ही वेळा प्राचीने लिफ्टपाशी गाठून परत आणली. त्या दिवसांत आमच्या घरात खरोखरची भांडणं व्हायची, मोठ्या आवाजात. मला ती बरी वाटायची. भांडणात निदान माणूस समोर असतो.

मटकीला ठेवलं कशात, तर बडीशेपेच्या रिकाम्या डबीत. स्वच्छ प्लॅस्टिकची, वाटीएवढीसुद्धा नाही. आणि तीही पालथी, झाकण खाली! मी जाता-येता ती सरळ करून ठेवायचो. संध्याकाळी बघावं तर पुन्हा पालथी. चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी ती केबिनमधून ओरडत बाहेर आली.

"बाबा, डबी कोण सरळ करतंय?"

"मी. डबी अशी ठेवतात का कुठे?"

"अरे, ती वर चढून झोपते! वरच्या कोपऱ्यात झोळी विणते पांढरी, त्यात झोपते. झाकण वर असलं तर मी उघडलं की झोळी फाटते. म्हणून झाकण खाली. भोकं बाजूला पाडलीत, दोन्हीकडे, म्हणजे हवा खेळते. सुईने पाडलीत, म्हणजे ती बाहेर येणार नाही."

"आणि एवढीशी डबी? जीव गुदमरेल तिचा."

"नाही ना! लहान असताना लहानच जागा लागते. मोठ्यात ठेवलं तर तिला चिलट सापडतच नाही. उपाशी मरते."

बघा, किती सरळ सांगितलं होतं पोरीने. काय हवं, का हवं, सगळं. मला एकच ऐकू आलं, की लहानच जागा लागते. माझ्या घरात, माझी मुलगी, मला सांगते!

"मला शिकवतेस? लहान जागेत कोण कसं राहतं ते मला शिकवतेस तू? नऊ माणसांत वाढलोय मी! आणि अ‍ॅक्रिलिकवाल्याच्या मुलीने बडीशेपेच्या डबीत जनावर ठेवायचं? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक, बाबा? कोण बघतंय?"

मी चप्पल घातली आणि गाळ्यावर गेलो.

तीन दिवस खपून पेटी केली. दीड फूट उंच, फूट बाय फूट. पाच एमएमची शीट, कडा अशा की हात फिरवला तर लोणी. वरून उचलायचं झाकण, झाकणाला छोटी मूठ, झाकणातच हवेसाठी नक्षीत पाडलेली भोकं. आत एक वाळकी फांदी उभी केली. दिगंबर बघत होता. तो माणूस चाळीस वर्षं मुंबईत राहूनही मालवणीतच बोलतो.

"कोळ्याक बंगलो बांधतस? आमका खय गावलो रे असो?"

"म्हणूनच बांधतोय," मी म्हटलं.

पेटी घरी आणली, टेबलावर ठेवली, फडक्याने शेवटचा हात मारला. प्राचीने झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाली, "छान आहे, बाबा."

आमच्या घरात "छान आहे" हे वाद मिटवायला म्हणतात. मला तेव्हा ते माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, आणि तेवढं मला पुरलं, हा माझा गुन्हा. तिने चार दिवस पेटी खिडकीत उघडी ठेवली, क्लोरोफॉर्मचा वास जाऊ दे म्हणाली. भोकांना आतून मलमलचा तुकडा लावला, कारण माझ्या नक्षीतून मटकी आरामात बाहेर आली असती. पाचव्या दिवशी मी विचारलं, "अजून डबीतच? मग पेटी कशाला केली मी?" तेव्हा तिने मटकीला पेटीत सोडलं. बापाचं मन मोडू नये म्हणून पोरीने आपलं खरं असलेलं सोडून दिलं. हे असलं शहाणपण मुलींना कोण शिकवतं? आपणच शिकवतो, आणि वर त्याला संस्कार म्हणतो. राग येतो मला याचा!

त्या पेटीत मटकी दिसेनाशी झाली. फूटभर जागेत मटकीचा दाणा शोधायचा म्हणजे काय ते करून बघा. चिलटं सोडली की ती सैरावैरा वर जायची आणि मटकी खाली कुठल्यातरी कोपऱ्यात बसलेली असायची. प्राची क्लासला जाण्याआधी अर्धा अर्धा तास पेटीसमोर बसून मऊ ब्रशने एकेक चिलट तिच्या दिशेने ढकलायची. मी ओरडायचो, "अभ्यास कर, अभ्यास!" मटकीचं पोट बारीक झालं. मला वाटलं, जात्याच किडकिडीत असेल.

मग एक दिवस ती वर चढली, झाकणाच्या आणि भिंतीच्या कोपऱ्यात बसली आणि विणायला लागली. नेहमीची झोळी पातळ असते, ही जाड होती, पांढरीशुभ्र. प्राचीचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. जेवताना आईला सांगत होती, कात टाकणार आहे म्हणून, आता आठवडाभर तिला अजिबात हलवायचं नाही. मी टीव्ही बघत होतो. ऐकलं असेल, शिरलं नाही. दुसऱ्या दिवशी झाकणावर तिने एक स्टिकर लावलेला दिसला: वरून उघडू नये. माझ्या पेटीवर स्टिकर! माझ्या झाकणाला नावं ठेवते, असं माझ्या मनात आलं. नखाने खरवडून काढला, डिंक अंगठ्याने घासून घालवला, जागा चकचकीत केली.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी नवमी होती. खंडेनवमीला आम्ही गाळा धुतो, मशीनं पुसतो, करवत, ड्रिल, पटाशी, सगळी हत्यारं पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूच्या माळा घालतो. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. त्यांची विश्रांती असते. माझ्या वडिलांनी गिरणीत पाळलं, मी गाळ्यात पाळतो. पूजा करून दुपारी घरी आलो. हत्यारांना विश्रांती, मला कुठली? फडकं खिशात होतं. पंखा पुसला, टीव्ही पुसला, फोटोंच्या काचा पुसल्या. केबिनची शीट बाहेरून पुसली. दार सरकवलं आणि आत गेलो, आतून पुसली. प्राची क्लासला होती. असती तरी मी विचारून गेलो नसतो.

तिथून पेटीकडे वळलो. झाकणाच्या कोपऱ्यात पांढरा डाग.

मला काय वाटलं असेल? तीस वर्षं मी एकच पांढरा डाग ओळखतो. सांधा फुलला, क्लोरोफॉर्म जास्त झाला, आपला हात चुकला. शरम वाटली. झाकण उचललं, किंचित चिकटल्यासारखं वाटलं, मग सुटलं. फडकं बोटाला गुंडाळलं आणि कोपऱ्यात दाबून फिरवलं. एकदा. दुसऱ्यांदा. उजेडात धरून बघितलं. डाग गेला होता. लख्ख. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग फडक्याकडे लक्ष गेलं.

पिवळ्या फडक्यावर एक ओलसर, फिकट काहीतरी होतं. अर्धं अंग जुन्या कातीतून बाहेर आलेलं, पाय अजून आत अडकलेले. एक पाय हलत होता.

प्राची आली तेव्हा मी तसाच उभा होतो. तिने दप्तर खाली ठेवलं, फडक्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. आणि मी काय केलं? मी तिच्यावरच ओरडलो.

"सांगायचं नाही का आधी? मला काय माहीत आत काय चाललंय ते!"

"स्टिकर लावला होता," ती म्हणाली.

मग मी मनीषावर ओरडलो, तुला माहीत होतं तर तू का नाही बोललीस. मनीषा हात पुसत किचनच्या दारात येऊन उभी राहिली. ओरडायला तिसरं माणूस घरात नव्हतं. प्राचीने फडक्याखाली हात धरला, ब्रशच्या टोकाने मटकीला अलगद बडीशेपेच्या डबीत घेतलं, डबी पालथी केली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी हळू आवाजात बोलली.

"तिने दार लावून घेतलं होतं, बाबा. तू दारच पुसून टाकलंस."

मी तसाच निघालो आणि सरळ गाळ्यावर गेलो. भर दुपारी, उन्हात, जवळजवळ पळतच. दिगंबर झेंडूच्या पाकळ्या गोळा करत होता. मी पाटावरची लहान करवत उचलली. तिच्या मुठीवर सकाळचं हळदकुंकू होतं.

"अरे, आज हत्यारांका हात लावचो नाय! पूजा झाली मा?"

"दिग्या, बाजूला हो."

"देव रागावतलो रे!"

"रागावू दे! मी रागावलोय त्याचं काय?"

असं मी देवाला बोललो. नंतर कान धरले, पण करवत ठेवली नाही. दोन इंच बाय दोन इंच, उंची चार. क्लोरोफॉर्मचा थेंब नको, वास नको. तेव्हा खाचा पाडल्या, तुकडे एकमेकांत बसवले, कोपऱ्यांना बारीक स्क्रू. दार समोरून, अगदी तळाशी. दोन्ही बाजूंना भोकं, ड्रिलच्या माझ्याकडच्या सगळ्यात बारीक बिटाने, सुईएवढी. छताला काहीच नाही. उघडता येईल असं काहीच नाही. तिने सांगितलेलं सगळं मला पाठ होतं की! एकेक शब्द. म्हणजे त्या दिवशी ऐकलं होतं मी. कानात गेलेलं होतं, मीच ते बाजूला सारून ठेवलं होतं. काम झालं तेव्हा शीटवर माझ्या बोटांचे हळदीचे ठसे उठले होते. मी ते पुसले नाहीत.

प्राचीने ती पेटी हातात फिरवून बघितली.

"दार खाली."

"हो."

"वास नाही."

"नाही."

"मापात आहे," ती म्हणाली आणि मटकीला तिच्यात सोडलं.

मटकी दोन दिवस जगली. तीन पाय कातीतून कधी सुटलेच नाहीत. ती वर चढायला बघायची, अर्ध्यावर पोचायची, पडायची. पुन्हा चढायची. दसऱ्याच्या दिवशी, लोक सोनं देऊन पाया पडून गेले त्यानंतर, ती कशीबशी वरच्या कोपऱ्यात पोचली आणि तिने चार धागे लावले. चारच. तेवढ्याने काही झाकलं जात नव्हतं. एकादशीला सकाळी बघितलं तर खाली पडली होती, पाय पोटाशी घेऊन. प्राचीने कढीपत्त्याच्या कुंडीत बोटाने खळगा केला. मी बाजूला उभा होतो. तिने मला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही.

मग ती केबिनमध्ये गेली, कपाटातली ओढणी तिने केव्हा काढून घेतली होती कोण जाणे, ती आतून लावली. मी बाहेर सोफ्यावर बसून ती लावताना तिला बघितलं. शीट आरपार होती ना! टाचणी तोंडात धरून, एकेक टोक वर करून, माझ्याकडे पाठ करून ती दार लावून घेत होती. दोन वर्षांपूर्वी असंच लावत असणार, आणि मी दोनदा फडक्यासारखा हात फिरवून ते साफ केलं होतं. मला स्वतःचाच संताप आला. लोक म्हणतात, एवढ्याशा कोळ्यासाठी? अहो, कोळ्यासाठी तर आहेच! त्या जिवाने मला काय केलं होतं? आणि कोळ्यापुरतंच असतं तर मीही चार दिवसांत विसरलो असतो.

रविवारी मी गाळ्यावरून एकशे वीस नंबरचा पॉलिश पेपर आणला, बादलीत पाणी घेतलं, आणि केबिनची शीट बाहेरून घासायला बसलो. माझं आयुष्य ओरखडे घालवण्यात गेलं. ओरखडे पाडायला बसलो तेव्हा पहिला हात डोळे मिटून फिरवला. खर्र, खर्र. आठ एमएमची नितळ शीट, तिच्यावर दूध सांडल्यासारखं धुरकट व्हायला लागलं. प्राची आतून उठून आली.

"बाबा, वेडा झालास का? स्क्रॅच पडतायत!"

"पडू देत."

"अरे, पण ही शीट पुन्हा नीट नाही होणार!"

"नकोच आहे व्हायला. आधी तुझी ती ओढणी काढ, भिजेल. संध्याकाळपर्यंत तिची गरज उरणार नाही."

तिने ओढणी काढली. मग बादलीतून पेपरचा दुसरा तुकडा उचलला, आत गेली, दार सरकवलं, आणि माझ्यासमोर आतून घासायला बसली. मी बाहेरून, ती आतून. दोघांचे हात एकाच जागी फिरत होते. आधी तिचा चेहरा दिसत होता, मग नुसता आकार, मग तोही दिसेना. फक्त तिच्या बाजूची खर्र खर्र ऐकू येत होती. मनीषाने चहा आणला तेव्हा ती दोन कप घेऊन गोंधळून उभी राहिली, दुसरा कुठून द्यायचा म्हणून. मी दाराकडे बोट दाखवलं. म्हटलं, वाजव.

आज प्राची पवईला हॉस्टेलवर असते. तिला सोडायला गेलो तेव्हा वाटेत ते काचेचे टॉवर बघून माझं पित्त खवळलं. सगळं आरपार, आणि आतली माणसं दिवसभर बाहेरच्यांना दिसतायत. तिची खोली बघितली तर एक खाट, एक टेबल, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. माझ्या तोंडात आलंच होतं, केवढीशी ही खोली! ती माझ्याकडे बघून हसली. "मापात आहे, बाबा," म्हणाली. टेबलावर ती दोन बाय दोनची पेटी होती, रिकामी. हळदीचे ठसे अजून तसेच होते.

तर परवा मनीषाने झाडू ठेवला, पण विषय सोडला नाही. "ते पार्टिशन तरी काढा ना आता. पोरगी तिकडे, दसऱ्याला माणसं येतात, बसायला जागा नाही. हॉल केवढा मोठा होईल!"

"मोठा नकोय," मी म्हटलं. आवाज चढलाच.

"मग निदान आतली धूळ तरी पुसून घ्या. ती उद्या यायचीय."

ते खरं होतं. मी खिशातून फडकं काढलं, केबिनपाशी गेलो. शीट पांढरी, धुरकट, आतलं काही दिसत नाही. मी दारावर बोटाने टकटक केलं आणि थांबलो. मनीषा मागून म्हणाली, "अहो, आत कोण आहे?"

कोणी नाही, मलाही माहीत आहे. फडकं खिशात घातलं, पुन्हा एकदा वाजवलं, आणि तसाच बाहेर उभा राहिलो.